झुंबर शेकरू दुसरीत जातो

एका जंगलात पहिलीचा वर्ग उघडला, मुलांनो, आणि त्या दिवसापासून तिथल्या मोठ्या माणसांची झोप उडाली. माणसं आपली म्हणायची. होती वानरं, अस्वलं, साळिंदरं आणि शेकरू. पण पालक झाल्यावर सगळी सारखीच दिसतात.

वर्ग भरायचा एका जुन्या जांभळीखाली. शिकवायला टिटवीबाई होत्या. बाईंचे पाय बारीक, आवाज मोठा, आणि बोलणं थोडकं.

पहिल्याच दिवशी पालकसभा झाली. बाई म्हणाल्या, "पहिलीत एकच धडा आहे. घरून शाळेपर्यंत आपलं आपण यायचं. आल्यावर वाटेत काय पाहिलं ते सांगायचं."

पालक पुढचं ऐकायला थांबले. पुढचं काही आलं नाही.

"आणि घरी आम्ही काय करून घ्यायचं?" गोदाक्का अस्वलीण म्हणाली. तिचं पिल्लू तिच्या पाठीवरच्या केसांत कुठेतरी होतं.

"संध्याकाळी मुलाजवळ बसायचं. आज काय पाहिलंस, असं विचारायचं. ते सांगेल ते शेवटपर्यंत ऐकायचं. मधे बोलायचं नाही. चुकलं तर चुकू द्यायचं. आणि वेळेवर झोपवायचं."

शेवंताताई वानरीण हसली. "एवढंच? अहो बाई, डोंगरापलीकडच्या शाळेत पहिलीतच वाघाच्या पंजाची मापं शिकवतात!"

"तिथली मुलं वाघाजवळ जाऊन मोजतात?"

"छे हो! पाठ करतात."

बाईंनी पंख नीट मिटून घेतले. शेवंताताईला वाटलं, आपण जिंकलो. ती आणखी पुढे सरकली. "तुम्हाला काय जातंय सांगायला! तुमची पिल्लं अंड्यातून निघाल्या निघाल्या चालायला लागतात. आमच्या पिल्लांना पोटाशी धरावं लागतं."

"कधीपर्यंत?" बाईंनी विचारलं.

यावर सभा संपली.

सभेत सगळ्यात मागे झुंबर शेकरू बसला होता. शेकरू म्हणजे मोठी तांबूस खार, झुपकेदार शेपटीची. ती जमिनीवर सहसा उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर उडी मारते, आणि तेच तिचं चालणं. झुंबरला एक मुलगी होती, बकुळी. बकुळीला आई नव्हती. मागच्या थंडीपर्यंत होती.

झुंबरचं घर ओढ्याच्या अलीकडे, ऐनाच्या झाडावर. शाळा ओढ्यापलीकडे. मधे एकच उडी. या काठच्या ऐनावरून त्या काठच्या हिरड्यावर. हिरड्यावर बकुळीच्या आईने एक घरटं बांधलं होतं. शेकरू अशी दोन-चार घरटी बांधून ठेवतात. त्या घरट्याकडे जाताना, उडीच्या मधोमध, आकाशातून मोरघार आली होती.

तेव्हापासून झुंबर त्या वाटेने गेला नव्हता. ओढ्याच्या वरच्या अंगाला झाडं अगदी एकमेकांना चिकटून आहेत. तिथून लांबचा वळसा घालून तो बकुळीला शाळेत आणायचा. तिची मान हळूच तोंडात धरून. ती जड झाली होती. तरी आणायचा.

शाळा सुरू झाली. मुलं येऊ लागली, म्हणजे आणली जाऊ लागली. अस्वलाचं पिल्लू आईच्या पाठीवर बसून यायचं. वानराचं आईच्या पोटाला लोंबकळत यायचं. साळिंदरांचं पोर तेवढं चालत यायचं, कारण त्याला उचलणार कोण?

"वाटेत काय पाहिलं?" बाईंनी विचारलं.

"केस," अस्वलाचं पिल्लू म्हणालं.

"पोट," वानराचं पिल्लू म्हणालं.

बकुळी जरा विचार करून म्हणाली, "मी बाबाची हनुवटी पाहिली. तिच्या खालचे केस पांढरे झालेत. आधी नव्हते."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "नीट पाहिलंस."

ही बातमी पालकांना कळली. केस? पोट? हनुवटी? ही काय उत्तरं झाली? त्याच संध्याकाळी पालकांचा ग्रुप निघाला. ग्रुप म्हणजे असं, मुलांनो, की एकाने उंच झाडावर बसून ओरडायचं, आणि बाकीच्यांनी आपापल्या ठिकाणाहून 'हो ताई', 'बरोबर ताई', 'धन्यवाद ताई' असं ओरडायचं. कामाचं एक वाक्य आणि धन्यवाद रात्र होईपर्यंत.

शेवंताताई सागाच्या शेंड्यावरून ओरडली, "उद्याचं उत्तर लिहून घ्या! 'वाटेत मी निसर्गाची अनुपम शोभा पाहिली!'"

"धन्यवाद ताई!"

"ताई, शोभाच्या आधी काय?" गोदाक्काने विचारलं.

"अनुपम!"

"धन्यवाद ताई! तुम्ही आहात म्हणून आमचं चाललंय!"

झुंबरही आपल्या ऐनावर बसून ऐकत होता. बकुळी त्याच्या शेपटीवर डोकं ठेवून पडली होती. ती म्हणाली, "बाबा, हनुवटीचं चुकलं होतं का?"

"चुकलं नव्हतं."

"मग?"

"उद्या शोभा म्हण. सगळे तेच म्हणणार आहेत."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाने निसर्गाची अनुपम शोभा पाहिली.

"अनुपम म्हणजे काय रे?" बाईंनी अस्वलाच्या पिल्लाला विचारलं.

"आईला विचारून सांगतो," पिल्लू म्हणालं.

असे दिवस गेले. उत्तरं लांबत गेली. पावसाळा संपेपर्यंत उत्तरांत कोवळी सूर्यकिरणं आली, झुळझुळणारे झरे आले, शेवटी पर्यावरणाचा समतोलही आला. साळिंदरांच्या पोराने एकदा मधेच सांगितलं की वाटेत त्याने मुंग्यांची रांग पाहिली, आणि एक मुंगी उलटी जात होती. त्याच्या वडिलांनी घरी गेल्यावर त्याला समज दिली. मुंगी ठीक होती, पण उलटी कशाला?

एके दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी झुंबरला थांबवलं.

"झुंबरराव, बकुळी उडी कधी मारणार?"

"मारेल की. मोठी झाली की मारेल."

"आणि मोठी कशाने होणार?"

झुंबर पंजाने सालीचा एक ढलपा काढू लागला. "बाई, वर मोरघार असते."

"मी जमिनीवर अंडी घालते, झुंबरराव. उघड्यावर. मोरघार मलाही दिसते."

"मग तुम्ही काय करता?"

"ओरडते. आणि पिल्लांना वर बघायला शिकवते. आणखी काय करणार?"

झुंबरने मान हलवली, बकुळीला मानेला धरून उचललं, आणि वळसा घालून घरी गेला. तोंडात मुलगी असल्यामुळे त्याला उत्तर देता येत नव्हतं. त्याला ते बरंच होतं.

मग परीक्षा आली. परीक्षा अशी की मुलाने घरून एकट्याने यायचं आणि वाटेत पाहिलेलं सांगायचं.

परीक्षेच्या सकाळी टिटवीबाई जांभळीखाली उभ्या राहिल्या. झाडीतून एकामागून एक पालक आले. एकटे.

"मुलं कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"झोपलीत," गोदाक्का म्हणाली. "परीक्षेचं टेन्शन. रात्री नीट झोप नाही लागली हो."

"कुणाला?"

"मला!"

शेवंताताई पुढे आली. "बाई, सरळ बोलते. वर्षभर अभ्यास कुणी केला? आम्ही. मग परीक्षाही आम्हीच देणार. लेकरांना कशाला त्रास? आजूबाजूला बघा, गारठा किती पडलाय."

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. मग परीक्षा घेतली. शेवंताताईने अनुपम शोभा म्हटली. गोदाक्काने झरे म्हटले, आणि एक कडवं जास्तीचं म्हटलं. साळिंदर पर्यावरणाच्या समतोलावर इतका बोलला की त्याला आवरावं लागलं. झुंबरने थोडक्यात आटोपलं.

निकाल लगेच लागला. बाई म्हणाल्या, "अभिनंदन. सगळे पालक पहिली पास. उद्यापासून दुसरीचा वर्ग. वेळेवर यायचं. डबा आणायचा. मुलं नापास झाली आहेत, कारण ती आलीच नाहीत. त्यांना अजून घरीच राहू द्या."

हे बोलताना बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. आणि पालकांना काय वाटलं म्हणता? आनंद! गोदाक्काने पोळ्याचा मध वाटला. शेवंताताई सागावर चढून ओरडली, "मी पहिली आले!" चारी बाजूंनी अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन ताई.

दुसरीचा वर्ग सुरू झाला.

"बाई, ही माझं बघून म्हणतेय!"

"बाई, मला पुढे बसू द्या, मला मागून फळा दिसत नाही."

"गोदाक्का, तुम्ही पुढे बसलात तर कुणालाच फळा दिसत नाही."

"बघा बाई, ही मला जाडी म्हणते!"

बाई शांतपणे शिकवत होत्या. दुसरीचा धडा पहिलीपेक्षा लांब होता. सकाळपासून सूर्य कलेपर्यंत पालक जांभळीखाली अडकून पडले.

आणि घरी, मुलांनो? घरी कुणीच नव्हतं.

म्हणजे मुलं होती.

अस्वलाचं पिल्लू उठलं. पाठ नव्हती, म्हणून चालत निघालं. वानराचं पिल्लू पोट शोधून दमलं आणि एका फांदीला लोंबकळलं. फांदी पोटापेक्षा बरी निघाली. साळिंदरांचं पोर दोघांना घेऊन मुंग्या दाखवायला गेलं. तिथून ती सगळी ऐनाखाली आली. वर बकुळी एकटीच बसली होती.

"खाली ये की!"

"मला येत नाही."

"मग वरच खेळ. आम्ही बघतो."

बकुळीने आधी खालच्या फांदीवर उडी मारली. पडली. खाली अस्वलाचं पिल्लू होतं, त्याच्यावर पडली, आणि दोघं खूप हसली. मग पुन्हा मारली. मग वरच्या फांदीवरून. वानराचं पिल्लू शेंड्यावर बसून आकाश बघायचं आणि काही दिसलं की किंचाळायचं. कधी ती घार असायची, कधी ढग. दोन्ही वेळा सगळे पानांत लपायचे. रोज हाच खेळ. कुणी पास झालं नाही, कुणी नापास झालं नाही.

संध्याकाळी झुंबर थकून यायचा. दुसरीचा अभ्यास करायचा. बकुळीला काही सांगायचं असायचं, पण त्याचं पाठांतर चाललेलं असायचं.

एका सकाळी उशीर झाला म्हणून झुंबर घाईने निघाला. वळसा घालायचा होता. त्या गडबडीत डबा घरीच राहिला. पानात बांधलेली उंबरं. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी आपापले डबे उघडले आणि झुंबर रिकाम्या पंजांकडे बघत बसला.

"विसरलात वाटतं?" शेवंताताई म्हणाली. "दुसरीत गेलं की जबाबदारी यायला हवी, झुंबरराव."

तेवढ्यात जांभळीवर पानं सळसळली.

सगळ्यांनी वर पाहिलं. फांदीवर बकुळी होती. तोंडात डबा. तिने तो बापाच्या पुढ्यात टाकला, कारण डबा तोंडात असताना बोलता येत नाही. हे तिला बापाकडूनच माहीत होतं.

झुंबर उभा राहिला. "कोणी आणलं तुला?"

"कोणी नाही."

"कुठून आलीस?"

"हिरड्यावरून."

गोदाक्काने तोंडातला घास तोंडातच ठेवला.

टिटवीबाई दोन पावलं पुढे आल्या. "वाटेत काय पाहिलंस, बकुळी?"

"आधी वर पाहिलं," बकुळी म्हणाली. "काही नव्हतं. मग पुन्हा पाहिलं, कारण ढग सरकतात. मग समोरची फांदी पाहिली, ती हलत होती, म्हणून थांबले. मग उडी मारली. खाली ओढ्यात मी दिसले. मी खूप लांबलचक दिसते, बाई! आणि हिरड्यावर आईचं घरटं आहे. एका बाजूने उसवलंय. पण पडलेलं नाही. आत वाळलेली पानं आहेत, मऊ. मी त्यात बसून पाहिलं."

ती बापाकडे वळली. "बाबा, मी मावते त्यात."

झुंबरला दुसरीतलं काहीही आठवेना. पहिलीतलंही नाही. अनुपम नाही, झरे नाहीत. तो खाली बसला. त्याने उंबरांचं पान उघडलं, पुन्हा बांधलं.

मग त्याने विचारलं, "आणखी काय पाहिलंस?"

आणि तो मधे बोलला नाही. बकुळी सांगत होती, तो ऐकत होता. उलट्या मुंगीपासून घरट्यातल्या एका लालसर केसापर्यंत सगळं. मधली सुट्टी संपली तरी ती सांगत होती. बाईंनी घंटा वाजवलीच नाही.

शेवटी झुंबर उठला. "बाई, माझं नाव दुसरीतून कमी करा."

"करते," बाई म्हणाल्या. "पहिलीतूनही करू?"

"नको. पहिलीत राहू दे."

"बघा, बघा!" शेवंताताई शेजारणीला म्हणाली. "वर्षाच्या मधेच शाळा सोडतात. काही घरांत शिक्षणाचं महत्त्वच नसतं हो."

बकुळी पुढे निघाली. झुंबर मागे. वळशाच्या वाटेने नाही. हिरड्यावर पोचल्यावर तो घरट्यापाशी थांबला आणि उसवलेली बाजू त्याने थोडी आत खोचली. मग दोघं फांदीच्या टोकाशी आली. बकुळीने आधी वर पाहिलं. त्यानेही पाहिलं. मग तिने उडी मारली. झुंबर मोठ्याने ओरडला, अगदी टिटवीबाईंसारखा, आणि ती पलीकडे पोचेपर्यंत ओरडतच राहिला.

"अरे बाबा," ऐनावरून बकुळी म्हणाली, "आता ये तू. मी बघते वर."

तात्पर्य : मुलाचा अभ्यास नेहमी पालकांनीच करावा. इतका मन लावून करावा की पास होऊन वरच्या वर्गात जावं आणि दिवसभर तिथेच अडकून पडावं, म्हणजे मुलांना शिकायला घर मोकळं मिळतं. फक्त जाताना डबा विसरायला विसरू नये.