दिवाणखान्यातले दोन कर्णे

चष्मेवाल्यांनी सोफा उचलून गॅलरीत नेला, तेव्हाच त्यांच्या बायकोच्या मनात पाल चुकचुकली. तासाभरात टेम्पोतून दोन लाकडी कर्णे उतरले. एकेक माणसाएवढा उंच, आणि तोंड एवढं रुंद की आत गादी घालून झोपावं.

"हे काय?"

"स्पीकर."

"आणि माणसांनी बसायचं कुठे?"

"ऐकायला खुर्ची पुरते गं."

आता कर्ण्यांचा विषय शौकिनांपुढे काढायची सोय नाही. निम्मे म्हणतात, कर्ण्यापुढे बाकीचे स्पीकर म्हणजे तोंडावर उशी धरून गाणं. उरलेले म्हणतात, कर्णा गात नाही, अंगावर ओरडतो. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत आहे: कर्णा काही लपवत नाही. इवल्याशा अ‍ॅम्प्लिफायरवर तो गाणाऱ्याचा श्वाससुद्धा समोर आणून ठेवतो. चष्मेवाल्यांनी या जोडीसाठी बारा वर्षं जीव टाकला होता.

बायकोने निकाल दिला. "रविवारी आई येतेय. ती हो म्हणाली तर राहतील. नाहीतर सोमवारी आल्या वाटेने परत."

चष्मेवाल्यांची झोप उडाली. सासूबाईंना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मग त्यांना एकदम आठवलं, लग्नाची कॅसेट! पंगतीत सासऱ्यांनी केलेलं भाषण मेहुण्याने टेपवर घेतलं होतं. सासरे जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

रविवारी सासूबाईंना खुर्चीत बसवून त्यांनी कॅसेट लावली. सासरे खाकरले, आणि अगदी समोर उभं राहून बोलावं तसं बोलू लागले. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बायको त्यांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. चष्मेवाले मनातल्या मनात मांडे खाऊ लागले.

तेवढ्यात डाव्या कर्ण्यातून, भाषणाच्या मागून, एक बाई कुजबुजली. घरच्या जुन्या टेपवर तिथे नुसती खरखर ऐकू यायची.

"मुलगा बरा आहे गं, पण जरा खुळाच वाटतो. त्यापेक्षा तो वकील बरा होता."

आवाज सासूबाईंचा. वयाने तीस वर्षांनी लहान, पण ठसका तोच.



"ही मी नव्हे," सासूबाई म्हणाल्या.

मग उजव्या कर्ण्यातून नवरी बोलली. "असू दे आई. खुळा आहे म्हणूनच पसंत केला. वकील मला बोलू देणार होता का?"

बायको लालेलाल झाली. कॅसेट लावायची दुर्बुद्धी झालीच कशी, असं म्हणत चष्मेवाल्यांनी बटणाकडे हात नेला.

"जावईबापू, हात लावू नका," सासूबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "शेजारी माझी जाऊ बसली होती. ती काय म्हणते ते ऐकू दे."

जाऊबाई बरंच काही म्हणाल्या होत्या. सासूबाईंनी तो तुकडा चार वेळा मागे नेऊन ऐकला, आणि संध्याकाळी निघताना सांगून गेल्या, "हे कर्णे कुठे हलवायचे नाहीत."

कर्णे राहिले. बातमी नात्यात पसरायला आठवडा लागला. आता दर रविवारी कोणी बारशाची, कोणी साखरपुड्याची कॅसेट घेऊन येतं, आणि आपल्या पाठीमागे कोण काय बोललं होतं ते कान देऊन ऐकतं. बसायला सोफाही गॅलरीतून परत आलाय. चष्मेवाले आपली गाणी स्वयंपाकघरात हेडफोन लावून ऐकतात, तेही एकाच कानाने. दुसरा चहाच्या आधणाकडे ठेवावा लागतो.