रामटेकेभाऊंचा पांढरा शर्ट

आमच्या शेजारचे रामटेकेभाऊ कपडे धुतात ते नुसत्या पाण्यानं. साबण नाही, पावडर नाही, नीळ तर उंबऱ्याच्या आत येत नाही. आमच्या गल्लीची नाली सक्करदऱ्याच्या तलावात जाते, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे मी अंगणात भांडी घासायला बसले, की कुंपणावरून प्रश्न येतोच, "वहिनी, मासोळीले विचारलं का?"

"काय विचारायचं?"

"हा फेस तिले चालते का थे. आपल्याले नुसता फेस दिसते, तिच्या कल्ल्याले झोंबते. मंग श्वास कुठून घेईन थे?"

विचारायची सोय त्यांच्याकडे आहे. अंगणात सिमेंटचं टाकं, त्यात तलावातून आणलेल्या मासोळ्या. गल्लीत कोणी नवी पावडर आणली की भाऊ टाक्याकडे बोट दाखवतात, "टाकू का चिमूटभर?" हो म्हणायची कोणाचीच छाती होत नाही.

मध्यंतरी त्यांना रिठ्यांचं वेड लागलं. झाडाचं फळ, म्हणजे बिनधोक. लग्नात पाकिटाऐवजी रिठ्यांची पिशवी, बारशाला रिठे, माझ्या वाढदिवसालाही रिठेच. मग एक दिवस त्यांना स्वतःचाच प्रश्न आठवला. बादलीत एक मासोळी घेतली, थोडं रिठ्याचं पाणी घातलं आणि ती आडवी झाली. भाऊंनी धावतपळत तिला ताज्या पाण्यात सोडलं म्हणून वाचली. त्याच संध्याकाळी ते घरोघर फिरून रिठे परत मागत होते. "द्या वहिनी वापस. झाडाचं हाय मनून मी फसलो." आहेराची अशी वसुली मी जन्मात पाहिली नव्हती.

कपड्यांचं मात्र व्हायचं ते झालं. बुद्धविहारात सगळे पांढरेशुभ्र बसलेले, त्यात भाऊंचा शर्ट चहा सांडल्यासारखा. आम्ही हसायचो, तेही हसायचे. हसायची नाही फक्त त्यांची लेक स्नेहल. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. यंदा तिचं लग्न ठरलं आणि तिनं बापाला बजावलं, "बाबा, आईनं शिवलेला शर्टच घाला. पण पांढरा करून घाला. नाहीतं मी फोटोत तुमच्याजवळ उभी नाही राहत."

भाऊ कुंपणापाशी यायचेच बंद झाले.

लग्नाच्या सकाळी ते दारात उभे राहिले ते डोळे दिपवणाऱ्या शर्टात. स्नेहल बघतच राहिली, मग येऊन बापाला बिलगली. मी संधी सोडली नाही. "भाऊ, मासोळीले विचारलं का?"

त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं. भिंतीशी फेसाळ पाण्याच्या बादल्या, घमेली, एक जुनं पातेलंसुद्धा. चिमण्यांनी पिऊ नये म्हणून सगळ्यांवर जाळी टाकलेली. शर्ट धुतलेल्या पाण्याचा थेंबही त्यांनी नालीत जाऊ दिला नव्हता.

"उन्हात आटू देतो," ते म्हणाले.

मला हसू आवरेना. "एवढा पसारा एका शर्टासाठी?"

"पोरीसाठी, वहिनी." ते शर्टाची बाही नीट करत राहिले. मांडवातून स्नेहलचं हसणं ऐकू येत होतं. "तिचं मन राखलं एकदाचं. उद्यापासून शर्ट कसाबी असला, तं कोण रागावन मले?"