चिन्नोरचा भाव

“चार हजार? कायचे चार हजार? याच्या एका तरी पोरानं चिखलात पाय टाकला का?”

भिंतीपलीकडून हे ओरडणं आलं आणि माझं व्याजाचं गणित पुन्हा चुकलं. मी बँकेच्या परीक्षेचा सराव पेपर सोडवत होते. पलीकडच्या अंगणात रहांगडाले काकाजी खाटेवर बसून कोणाला तरी झापत होते. मी खिडकीतून पाहिलं. समोर कोणी नव्हतं. फोन कानालाही नव्हता. तो त्यांनी नाकापुढे धरला होता आणि त्यातल्या एका घोड्याच्या चित्राकडे ते असे बघत होते, जणू तो त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, शिरून उभा धान चरून आला होता.

“ए इंग्लिस!” दुसरी आरोळी माझ्यासाठी होती. “ठेव तो पेन अन् ये इकडे. या मानसाले लिहून दे, का तू डाकू आहेस म्हनून.”

इंग्लिस हे माझं नाव नाही. मी आमगावातून रोज गाडीनं गोंदियाच्या इंग्रजी शाळेत गेले, एवढाच माझा गुन्हा. बाबांनी ती शाळा मी फाडफाड बोलावं म्हणून लावली होती. मी मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत गप्प बसायला शिकले. पण लिहिता येतं. त्यामुळे कोणाला बँकेचा मेसेज आला, कोणाला कूलरसोबतचा कागद वाचायचा असला, कोणाच्या पोराचा अर्ज भरायचा असला, की मला बोलावतात. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, म्हणून मी जाते. जाताना मनात जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकाजी साठी ओलांडलेले, हाडं मोठी, आवाज त्याहून मोठा, आणि कायम कोणावर तरी भडकलेले. बाजारात त्यांची धानाची आडत होती. शेतकरी पोतं उघडायचा. काकाजी मूठभर धान घ्यायचे, तळहातावर चोळायचे, भुसा फुंकायचे, एक दाणा दाताखाली फोडायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, “भरडला का तुकडा निघते याचा.” तिथून घासाघीस सुरू. ती दोन चहा, एक पान आणि शेतकऱ्याच्या मुलीच्या सासरची चौकशी एवढी चालायची. मग लोक सरकारी केंद्रावर धान घालू लागले. तिथे भाव फळ्यावर लिहिलेला असतो. आडत बसली. पैशाचं फार बिघडलं नाही, जमीन होती. पण “भाव लिहून ठेवते म्हने” हे काकाजी अजून शिवीसारखं म्हणतात.

घोड्यांचा खेळ त्यांच्या फोनमध्ये त्यांच्या मुलानं टाकून दिला. नितीनदादा पुण्याला असतो. त्याला बाळ झालं तेव्हा ते सांभाळायला तो काकूंना घेऊन गेला. काकाजींचं तिथे मन लागणार नाही, हे त्यानं काकाजींच्याच वतीनं ठरवलं आणि त्यांना इथे ठेवून गेला. आई त्यांना दुपारचा डबा पाठवते.

खेळ असा. खोटे घोडे, खोट्या शर्यती, खोटी नाणी. खेळणारी माणसं मात्र खरी, जगभरातली. तुमचा घोडा पळतो, जिंकतो, त्याचं वय होतं, आणि मग तो पैदाशीला लागतो. दुसरे लोक आपल्या घोड्या त्याच्याकडून फळवून घेतात आणि मालकाला फी देतात. कोणत्या घोड्याची फी किती रास्त, हे ओळखण्यात सगळा खेळ आहे. काकाजींना शर्यतींमध्ये रस नव्हताच. शर्यत सुरू झाली की ते चहा करायला उठायचे.

त्या दिवशी मी भिंतीला वळसा घालून गेले, तेव्हा त्यांनी फोन माझ्या तोंडासमोर आणला. “हा पाह्य. सतरा शर्यती जिंकला म्हनून चार हजार मांगते. जिंकला असन त्याच्या घरी! आपल्याले तो पायजे का त्याचे पोरं पायजे?”

मी बोटानं त्या घोड्याच्या शिंगरांची यादी दाखवली. बरीचशी जिंकलेली होती.

“अन् आया कोन होत्या? आया पाह्य ना त्याईच्या! एक एक रानी. खताच्या बांधीत कोनताबी बियाना येते. याले खडकाळ बांधीत टाकून पाह्य, मंग सांग मले.”

पैदाशीच्या घोड्याला काकाजी सांडच म्हणतात. त्याची परीक्षा करायची त्यांची एक रीत होती. तो स्वतः किती जिंकला ते सोडून द्यायचं. त्याची शिंगरं घ्यायची, आणि त्याच आयांना दुसऱ्या सांडांपासून झालेली शिंगरं त्यांच्या शेजारी ठेवायची. जेवढा फरक पडला तेवढी सांडाची किंमत. बाकी सगळी आईची कमाई.

इथपर्यंत मला पटायचं. याच्या पुढे काकाजी वाहवत जायचे. त्या खेळात सगळ्या घोड्यांना एकच चित्र आहे, फक्त रंग बदलतो. तरी काकाजी चित्र बोटांनी ताणून मोठं करत. “याची नजर बेइमान आहे.” तेच चित्र काळ्या रंगात आलं की, “हा गरीब आहे बिचारा, सरळ आहे.” मी एकदा एका चित्राचा फोटो काढून माझा फोन त्यांच्या फोनशेजारी धरला आणि दोन्ही चित्रं एकच आहेत हे दाखवलं. ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. “जुळे भाऊ दिसतेत सारखेच. स्वभाव वेगळा रायते.”

त्यांच्या स्वतःच्या सांडाचं नाव चिन्नोर. आमच्याकडचा वासाचा तांदूळ आहे तो. चिन्नोर पळायचा तेव्हा फार काही जिंकला नव्हता. पण त्याची शिंगरं ओल्या मैदानावर पळायची, अगदी सुमार आयांचीसुद्धा. आपल्या मातीचा गुण, म्हणायचे काकाजी. घोडा कोणत्याच मातीत झालेला नव्हता, पण हे त्यांना कोण सांगणार? मी तर नाहीच.

माझा खरा संताप फीच्या चौकोनावर होता. प्रत्येक सांडाच्या पानावर फी लिहायला एक चौकोन असतो. सगळे तिथे आकडा टाकतात. काकाजींनी तो रिकामा ठेवला होता. रिकामा ठेवला की खाली आपोआप उमटायचं, मालकाला विचारा. मग लोक विचारायचे. म्हणजे इंग्लिसनं पेन ठेवायचा.

कुठल्याशा बर्फाच्या गावातल्या एका बाईनं एका ओळीत विचारलं, फी किती? काकाजी म्हणाले, “विचार तिले, जेवली का.”

“काकाजी, त्या लोकांत असं नाही विचारत.”

“काऊन? ते जेवत नाई?”

मी दात खाऊन लिहिलं. उत्तर आलं, हो, बटाटे.

“नुसते बटाटे?” काकाजी असे ओरडले की आमच्या छपरावरची कबुतरं उडाली. “लिही, घरी करून घालनारं कोनी नाई का?”

बाई एकटीच राहत होती. मग बाईचा गुडघा, बाईचा म्हातारा कुत्रा, चिन्नोरच्या शिंगरांचे गुडघे, असं करत तीन आठवडे गेले. शेवटी दोघं ज्या आकड्यावर आली तो दोघांनीही दुसऱ्याच दिवशी बोलून टाकला होता. तीन आठवडे! त्यातलं एकेक वाक्य मी लिहिलं होतं. त्या रागात मी एकदा काकाजींच्या हातातला फोन घेतला आणि चौकोनात पाचशे लिहायला लागले. त्यांनी पडद्यावर आपला पंजाच ठेवला.

“भाव लिहिला का मंग कोन बोलते?”

मला तेव्हा तो नुसता आडमुठेपणा वाटला.

धानाच्या रोवणीच्या सुमारास खेळवाल्यांनी नियम बदलले. फी ठरवताना फसवाफसवी होते, अशा तक्रारी आल्या होत्या म्हणे. आता फी लिहिलीच पाहिजे. मालकानं नाही लिहिली तर खेळ स्वतः हिशोब करून टाकेल. मालकाला विचारायची सोय बंद. घोडी निवडा, बटण दाबा, झालं.

काकाजींनी अर्थातच काही लिहिलं नाही. एका सकाळी चिन्नोरच्या चौकोनात आठशे आले.

“कोनं लावला हा भाव?”

“मशीननं,” मी म्हणाले.

“मशीननं दात लावून पाहिला?”

त्यांनी माझ्याकडून खेळवाल्यांना तक्रारी लिहून घेतल्या. भाषा त्यांची होती तशी ठेवली असती तर त्यांचं खातंच बंद झालं असतं. मी बरीच धुऊन पाठवली. उत्तर आलं ते ठरावीक आभाराचं, तेसुद्धा मशीनचंच. इकडे चिन्नोरचं बरं चाललं होतं. आठशे फार नव्हते. लोक बटण दाबू लागले. आधीपेक्षा जास्त घोड्या आल्या, काकाजींच्या खात्यात नाण्यांचा ढीग झाला, आणि एकही माणूस बोलेना. बर्फाच्या बाईनं दोन घोड्या पाठवल्या. ती जेवली की नाही, कळायला मार्ग नव्हता.

आठवडाभर काकाजी ओरडले. मग थांबले.

भिंतीपलीकडून काही येईना. माझे सराव पेपर पूर्ण होऊ लागले, गुण वाढले, आणि मी पूर्वीपेक्षा जास्त चिडू लागले. खिडकीतून दिसायचं, काकाजी भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडलेले. फोन हातात नसायचा. आई म्हणाली, “काकाजींचा डबा अर्धा परत येऊन रायला. काही दुखते का, विचारून ये ना.” मी गेले, दारात उभी राहिले, डबा घेऊन परत आले. त्यांनी मला इंग्लिस म्हणूनसुद्धा हाक मारली नाही.

त्याच आठवड्यात नितीनदादा जमिनीच्या कुठल्याशा सहीसाठी दोन दिवस आला. फाटकाशी भेटला, कानात ते छोटे श्रवणयंत्रासारखे घालून. एक काढून माझ्याशी बोलला, म्हणजे मान दिला.

“बाबा मस्त शांत झालेत, नाही? खेळाचा फायदा झाला. आधी दिवसातून पाच-सहा फोन यायचे गं. जेवला का, काय खाल्लं, बाळ काय करतं. मी मीटिंगमध्ये असलो तरी तेच. आता येतच नाहीत.”

मी त्याच्या बुटांकडे बघत उभी होते. बूट चांगले होते.

“आणि तू म्हणे त्यांना भाषांतर करून देतेस? कशाला? त्यात बटण आहे ना. दाबलं की सगळं मराठीत येतं, इकडचं तिकडे जातं. मी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. छान यायचं त्यांना.”

मी घरी आले. पेपर समोर घेतला आणि त्यावर पेन इतका दाबला की कागद फाटला. इतके महिने! इतके महिने हा माणूस मला ठेव पेन अन् ये म्हणून ओरडत होता आणि लिहिण्याचं काम तिथे कधी नव्हतंच. आणि तो दुसरा, आपल्या बापाच्या हातात घोडा देऊन फोन कमी झाले म्हणून खूश. काकूंना नेलं, यांना ठेवलं, वर म्हणतो शांत झालेत. शांत! मी नितीनदादाला पुष्कळ बोलले. खोलीचं दार लावून, मनात.

मग मी तो खेळ माझ्या फोनमध्ये घेतला. नव्या खेळाडूला एक घोडी फुकट मिळते. माझी तपकिरी निघाली. जेवढ्या शर्यती पळली होती तेवढ्या हरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. नितीनदादा व्हरांड्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये होता. मला पाहून त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मी त्याच्यासमोरून सरळ अंगणात गेले आणि फोन काकाजींच्या नाकापुढे धरला.

ते उठून बसले. घोडी पाहिली. सवयीनं चित्र बोटांनी ताणून मोठं केलं, मग आता भाव करायचा नाही हे लक्षात आल्यासारखं सोडून दिलं. चिन्नोरचं पान उघडून माझ्यासमोर धरलं, तू दाबून टाक बटण, अशा अर्थानं हात केला आणि पुन्हा आडवे व्हायला लागले.

आवाज मला काढायचा होता त्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला. नितीनदादानं कानातले दोन्ही काढले.

“झोपू नका, काकाजी! मी बटण दाबणार नाही. आठशे हा त्या मशीनचा भाव आहे, मला तुमचा पाहिजे. माझी घोडी एकदम फालतू आहे, एक शर्यत जिंकली नाही तिनं. हिच्या पोटी पळणारं शिंगरू निघालं तर त्यात आईची कमाई काहीच नसणार, सगळी चिन्नोरची. म्हणजे गरज तुम्हाला आहे, मला नाही. मी दोनशे देईन. बोला. मला काही घाई नाही.”