स्टोअरमधून जाणारी पॅकेटं

संगणकांचं नेटवर्क मंद का चालतं, ते मी एका दुपारीत शोधून देईन, असं मी मॅनेजर सावेसाहेबांना सांगितलं. मी एमएस्सी आहे आणि सहसा बढाई मारत नाही, त्यामुळे त्यांनी लगेच विश्वास ठेवला. सत्त्याण्णव साली तारापूरच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात संगणक मोजकेच होते. पण चाल ओहोटीला गाळात रुतलेल्या होडीची!

प्रयोगशाळेतल्या माझ्या संगणकावर मी फ्लॉपीतून रहदारी मोजणारा प्रोग्रॅम चढवला. तारेतून माहिती छोट्या तुकड्यांनी जाते. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. कोणता संगणक किती पॅकेटं पाठवतो, ते पडद्यावर दिसू लागलं. सुट्टी होता होता मी साहेबांना फोन केला.

"सर, सापडलं! स्टोअरमधून सारखी पॅकेटं बाहेर जातायत!"

"कोण पाठवतंय?"

"सुगंधाचा..."

'संगणक' म्हणेपर्यंत साहेबांनी फोन आपटला होता.

सुगंधा मेहेर चिंचणीची. स्टोअरमध्ये हंगामी, तिला कायम करण्याच्या कागदावर साहेबांची सही तेवढी बाकी होती. मी धावत फाटकाशी पोचले, तेव्हा रखवालदार महादू तिच्या पिशवीत कोपरापर्यंत शिरला होता.

"साहेब, पॅकेटं हायत!"

"काय आहे त्यात?"

महादूनं हुंगलं. "बोंबील. सुके."

"कुठून उचललास हा माल?" साहेब तिच्यावर गरजले.

"दोरीवरून!" सुगंधा कडाडली. "आमच्या आयनं सुकवलेत. अकाउंटवाल्यांनी मागवले नि नेले नाय. कंपनीत काय बोंबील बनतात?"

मी घाईघाईनं पॅकेटचा अर्थ सांगितला.

"म्हणजे ही माहिती चोरते!" साहेब म्हणाले. "मग सही विसर!"

आम्ही सगळे प्रयोगशाळेत आलो, बोंबीलही आले. मी पडदा नीट वाचला. स्टोअरची सगळी पॅकेटं एकाच पत्त्यावर जात होती. माझ्या! माझा प्रोग्रॅम प्रत्येक संगणकाला क्षणोक्षणी "तुझं नाव काय?" विचारत होता. बाकीचे संगणक बंद झालेले. दुसऱ्या पाळीसाठी चालू असलेला स्टोअरचा तेवढा बिचारा उत्तरं देत होता.

"म्हंजे विचारताय तुमी, नि चोर मी?" सुगंधा म्हणाली.

मी प्रोग्रॅम बंद केला. नेटवर्क ताबडतोब पूर्वीइतकंच मंद झालं.

साहेबांनी ओशाळून सही केली आणि जाताना एक पॅकेटही घेतलं. तेव्हापासून सुगंधा कारखानाभर बोंबील पोचवते. प्रयोगशाळेत मात्र एकही पॅकेट येत नाही. हे मोजायला मला प्रोग्रॅम लागत नाही!