टाकीतलं लाल पाणी

टाकी बदलायची नाही, आतून साफ करून घ्यायची, एवढंच मी ठरवलं होतं. माणसं याहून मोठे निर्णय घेतात आणि सुखरूप राहतात. (मी जन्मभर कचेरीत एकही निर्णय घेतला नाही, म्हणून सुखरूप निवृत्त झालो.)

गोष्ट दोन हजार आठ सालची. आमची स्कूटर तेव्हाच म्हातारी झाली होती. रत्नागिरीत, मांडवीच्या खाऱ्या हवेत लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही, म्हणून कुणा गॅरेजवाल्याने मागे तिच्या पेट्रोलच्या टाकीला आतून लेप दिला होता. 'लायनिंग' म्हणतात त्याला. मी निवृत्त झालो त्याच सुमारास ते लायनिंगही निवृत्त झालं. फरक इतकाच, की मी घरी बसलो आणि ते पापुद्र्यापापुद्र्याने सुटून कार्बोरेटरमध्ये जाऊन बसलं. गाडी चार वेळा खोकायची आणि उभी राहायची.

एरवी मी काही केलं नसतं. पण स्कूटर घेतली त्या दिवशीच मी बायकोला, सुमेधाला, शब्द दिला होता, की तुला हिच्यावरून आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त दाखवीन. तेव्हा तिकडे धड रस्ता नव्हता. रस्ता झाला तेव्हा मुलीची, अवनीची, दहावी आली. मग माझी मार्चअखेर. (ही दर वर्षी यायची.) शेवटी ते काम 'निवृत्तीनंतर' या फायलीत गेलं. आता अवनीचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केली होती, म्हणून रविवारी सुमेधाच पुण्याला निघणार होती. परत कधी येईल, सांगता येत नव्हतं.

"जायच्या आधी जमलं तर बघा हो," ती म्हणाली. "नाहीतर राहू दे."

ते 'राहू दे' मला लागलं.

गॅरेजवाल्या बाबल्याने टाकीत बॅटरी मारून पाहिलं.

"काका, टाकी बदला."

"साफ नाही होणार?"

"होईल की. पण साफ झाल्यावर टाकी राहील काय, ता बघूक व्हया."

टाकी बदला म्हणणाऱ्याच्या बोलण्यात मला नेहमी टाकी विकणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. मी ती सोडवून घरी आणली. टाकीत बारीक खडी घालून खळखळवली की जुना लेप आणि गंज दोन्ही सुटतात, असं मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. मासिक रत्नागिरीत छापलेलं नसावं, कारण खडी कुठली ते त्यात लिहिलं नव्हतं. मी अंगणातली घेतली, जांभ्याची.

पडवीत बसून, टाकी मांडीवर घेऊन, तान्ह्या मुलासारखी हलवली. पाणी ओतलं तर लालभडक! मी खूष. पुन्हा खडी, पुन्हा लाल. जितकं धुवावं तितकं जास्त लाल.

"काय काढताय हो सकाळपासून?" सुमेधा बाहेर आली.

"गंज. बघ, किती साचला होता!"

तिने तळहातावर थोडं पाणी घेतलं, त्यातला गाळ बोटांनी चुरडला.

"हा गंज नव्हे. हे आपलं अंगण आहे."

जांभा हा दगड आहे, अशी माझी समजूत होती. टाकीत घालून हलवला की त्याची पुन्हा माती होते, हे कळायला मला साठी गाठावी लागली.

पण माघार घेणारा मी नव्हे. तांब्याची भांडी आमसुलाने लखलखतात, मग लोखंडाने काय पाप केलंय? फडताळात कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या होत्या. दोन्ही ओतल्या आणि रात्रभर ठेवल्या. सकाळी टाकी उलटी केली, तर पुन्हा लाल. आता हे लाल कशाचं, हे सांगायला ब्रह्मदेवच हवा होता. गंज लाल, जांभा लाल, आगळ लाल.

"अवनीसाठी भरलेलं आगळ कुठे गेलं?" आतून आवाज आला.

मी टाकीकडे पाहिलं. बाहेर येऊन तिनेही टाकीकडे पाहिलं.

"त्यात मीठ असतं," ती एवढंच म्हणाली.

जन्मभर सोलकढी भुरकली, पण आगळात मीठ असतं हे मला माहीत नव्हतं. लोखंडाला मात्र माहीत असावं. दुपारपर्यंत त्याला नवाकोरा गंज फुटला.

तो खरवडून नवा लेप द्यायला मी मिरकरवाड्याच्या बंदरावरून होड्यांना लावायचं रेझिन आणलं. जे समुद्राला आत येऊ देत नाही, ते पेट्रोलला कसली दाद देतंय! टाकी आतून अजून ओलसर होती, हे मला दिसत होतं. पण शुक्रवार होता.

शनिवारी दुपारी स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली. सुमेधा ठेवणीतली साडी नेसली, तिने अबोलीचा गजरा माळला. शिरगावच्या चढावर गाडी चार वेळा खोकली आणि उभी राहिली. नळी काढली तर तोंडाशी पापडाएवढा पापुद्रा. माझाच, कालचाच.

तेवढ्यात मागून शेजारच्या दादूची रिक्षा आली. आत त्याची बायको कमळा आणि मुंबईचे पाहुणे.

"वहिनी, आरे-वाऱ्याक चाललोय! एकाची जागा हा, येताव?" कमळा आतून ओरडली.

"नको गं. मी थांबते ह्यांच्याजवळ."

"जा तू," मी म्हणालो. अगदी थोरपणे म्हणालो. ती आणखी एकदा 'नको' म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली नाही.

मी गाडी ढकलत परत आलो. सूर्य कधी बुडाला, कळलं नाही. मी चाकाकडे बघत होतो.

ती आली तेव्हा साडीचा काठ ओला होता आणि चपलांत वाळू होती.

"कसं होतं?"

"छान." मग गजरा काढता काढता म्हणाली, "इतकं असेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही हवे होतात."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. मी टाकी बदलली, गाडी तुफान चालू लागली, आणि मागच्या सीटवर बसायला कुणी नव्हतं.

नातीच्या बारशाला मी पुण्याला गेलो. पाहुण्यांच्या भर गर्दीत विहीणबाई मला म्हणाल्या, "सुमेधाताई सांगत होत्या, तुम्ही त्यांना मुद्दाम स्कूटरवरून आरे-वाऱ्याचा सूर्यास्त दाखवलात म्हणे! किती हौशी हो! आमच्याकडे नाही बाई असलं काही."

मी सुमेधाकडे पाहिलं. ती पाळण्यावर वाकून दुपटं सारखं करत होती. मान वर केली नाही.

"आम्ही रत्नागिरीला आलो की आम्हालाही न्यायचं हं," विहीणबाई म्हणाल्या.

मी घसा खाकरला.

"नेतील की," सुमेधा पाळण्याची दोरी ओढत म्हणाली. आणि मग, फक्त मला ऐकू येईल अशा बेताने, "शिरगावपर्यंत."