मोज्यातल्या कंगव्याचा दरोडेखोर

माझ्या घरात चोर शिरून दाखवू दे, मी स्वतःच्या हाताने त्याला जेवायला वाढीन! हे मी छातीठोकपणे सांगते. बाहेरची भिंत दोन पुरुष उंच. भिंतीवर विजेच्या तारा. आत लोखंडी फाटक, मग दार, दाराला जाळीचं आणखी एक दार, आणि झोपायच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळात पुन्हा गजांचा दरवाजा! सकाळी चहा करायचा तर आधी जेलरसारखा किल्ल्यांचा जुडगा शोधायचा. जोहान्सबर्गच्या उत्तरेकडे सगळ्यांचीच घरं अशी. पण आमचं केस्ट्रल पार्क म्हणजे त्यातही वरच्या पायरीवर! इथे चोर शिरत नाही. खरं तर कुणीच शिरत नाही.

मी डालेना फुरी. माझा नवरा कूस आठ वर्षांपूर्वी गेला. मुलगी अनेली ऑस्ट्रेलियात, पर्थला. आमच्याकडे सगळ्यांचीच पोरं पर्थला असतात. दर रविवारी तिचा फोन येतो.

"आई, कुलपं लावलीस?"

"लावली गं."

"बोळातलं?"

"तेही लावलं."

"धोक्याचं बटण?"

"गळ्यात आहे, मंगळसूत्रासारखं!" असं काही मी म्हणत नाही, कारण आमच्यात मंगळसूत्र नसतं, पण इथल्या पटेलबाईंच्या गळ्यात मी ते पाहिलंय, आणि बटण मी तितक्याच निष्ठेने घालते. मग अनेली म्हणते, "बरं, ठेवते." आई, आज जेवलीस काय, हे विचारायचं राहूनच जातं. पोरीचा दोष नाही. तिकडे बसून तिला इथल्या बातम्याच दिसतात.

तर हे बटण. ते दाबलं की सिक्युरिटी कंपनीची गाडी सुसाट येते आणि बंदूकवाला माणूस उतरतो. महिन्यातून एकदा ते तपासायचं असतं. आधी कंपनीला फोन करायचा, "चाचणी आहे हो," म्हणायचं, आणि मग दाबायचं. त्या मंगळवारी मी आधी दाबलं आणि फोन विसरले. शप्पथ, अगदी खरोखर विसरले!

कपभर चहा निवायच्या आत गाडी दारात! चिलखती जाकीट घातलेला धिप्पाड माणूस आत घुसला. "आजी, कुठाय तो?"

"कोण?"

"चोर!"

"अगं बाई!" मी कपाळावर हात मारून घेतला.

पण त्यांचा नियम कडक. घर तपासल्याशिवाय आणि घरमालकिणीला धडधाकट पाहिल्याशिवाय जायचं नाही. मबाथा त्याचं नाव. त्याने पलंगाखाली वाकून पाहिलं, पडदे झटकले, कूसचं कपाट उघडलं. आठ वर्षांत माझ्याशिवाय पहिल्यांदा कुणीतरी या खोल्यांतून फिरत होतं, आणि मी त्याच्या मागे मागे, भाड्याने द्यायची जागा दाखवावी तशी! सकाळीच मिल्क टार्ट, म्हणजे आमच्याकडचा दुधाचा गोड केक, केली होती. वर दालचिनी भुरभुरलेली, अजून थरथरत होती.

"बस की रे."

"ड्यूटीवर आहे, आजी."

"ड्यूटीवर पोट घरी ठेवून येतोस का?"

बसला! दोन तुकडे खाल्ले. बायकोचे गुडघे दुखतात म्हणाला, धाकटीला गणित जमत नाही म्हणाला. फाटकाच्या बिजागरीला तेल पाहिजे, हेही त्यानेच सांगितलं. जाताना म्हणाला, "आजी, एवढी मोठी टार्ट कुणासाठी करता?" मी म्हटलं, "सवय आहे." तो गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली.

पुढच्या मंगळवारी माझं बोट घसरलं. त्याच्या पुढच्याही. वयोमानाप्रमाणे बोट घसरायचंच!

तिसऱ्या खेपेला मबाथाने तुकड्याला हातही लावला नाही. मान खाली घालून म्हणाला, "आजी, वाईट वाटतं सांगायला. सारखा खोटा इशारा आला की कंपनी माणूस पाठवत नाही. नुसता फोन करते."

मी बशी खाली ठेवली. "आणि इशारा खोटा नसला तर?"

"मग मला रोज फेरी मारावी लागेल."

रोज! काय सांगू तुम्हाला, जिभेला हाड नसतं ते काही उगाच नाही. मी म्हणाले, "होता ना! मागच्या भिंतीपाशी. एक माणूस होता."

मबाथा ताडकन उभा राहिला. "कसा दिसत होता?"

आली का पंचाईत! आयुष्यात खोटं बोलले ते फक्त वयाबद्दल. डोळ्यांपुढे माणूस आणायचा म्हटलं तर आणायचा कुठून? मी जवळून पाहिलेला पुरुष एकच. तोंडाला येईल ते बोलत सुटले.

"ठेंगणा. खाकी अर्धी चड्डी. गुडघ्यापर्यंत मोजे. उजव्या मोज्यात कंगवा खोचलेला."

"कंगवा?"

"कंगवा."

"मोज्यात?"

"मग काय डोक्यात? डोक्यावर निळी टोपी होती. आणि चालताना डावा पाय जरा ओढत होता..." एवढं बोलले आणि माझे डोळेच भरून आले. मबाथाला वाटलं, म्हातारी घाबरली. त्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "संशयित वयस्कर, गोरा. जवळ कंगवा आहे. सावध राहा!"

संध्याकाळपर्यंत आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आग लागली. एरवी तिथे संशयित कसा दिसतो ते ठरलेलंच असतं. जो कुणी पायी चालतो आणि आमच्यासारखा दिसत नाही, तो! या वेळी मात्र लोक स्वतःच्या वडिलांकडे संशयाने बघू लागले. नऊ नंबरवालीने कंगवेवाल्याला शाळेपाशी पाहिलं. कुणी म्हणे, एकटा नाही, टोळी आहे. बावीस नंबरच्या कुत्र्याने अन्न सोडलं. एकाने तर छातीवर हात ठेवून लिहिलं, की उजव्या मोज्यात कंगवा म्हणजे साथीदारांना खूण असते: इथे म्हातारी एकटी राहते!

तेवढं मात्र खरं होतं.

सुरक्षा समितीचा प्रमुख क्लाइव्ह रॉडवेल माझ्याच रांगेत राहतो. इतकी वर्षं मी त्याचं फक्त कोपर पाहिलं होतं, गाडीच्या खिडकीतून बाहेर आलेलं. तो सगळाच्या सगळा माझ्या दारात उभा! "फुरीबाई, बिलकुल घाबरू नका. रस्त्याच्या तोंडाशी आडवा दांडा टाकतो. पहारेकरी बसवतो. परका माणूस आत येणारच नाही!"

आणि माझा फोन! दिवसभर वाजत होता. ज्या बायकांनी कधी मान हलवली नव्हती, त्या "डालेना, राजा, जेवलीस ना?" म्हणून विचारत होत्या. मबाथा रोज येत होता. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. मी दुसरी टार्ट ओव्हनमध्ये लावली.

आठवडाभर मजा चालली. मग एके दुपारी क्लाइव्हचा फोन. "फुरीबाई, सापडला!"

"काय सापडलं?"

"तुमचा कंगवेवाला!"

अहो, मी मनाने रचलेला माणूस रस्त्यावर सापडतो कसा?

धावतपळत गेले. नव्या दांड्यापाशी चार गाड्या, दोन कुत्री, आणि मधोमध रंगाच्या पालथ्या बादलीवर एक म्हातारा. हात प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेले. खाकी अर्धी चड्डी. लांब मोजे. उजव्या मोज्यात कंगवा! निळी टोपी! "कूस!" माझ्या तोंडून निघणारच होतं, तेवढ्यात त्याने मान वर केली. नाक भलतंच मोठं होतं.

"पोलिस निघालेत," क्लाइव्ह म्हणाला. "चालताना पाय ओढतो, तेही बघून झालंय. तुम्ही फक्त हो म्हणा."

म्हातारा भडकलेला होता. "बाई, मी फान ओडेंडाल. मोठ्या रस्त्यापलीकडच्या जुन्या फ्लॅटांत राहतो. रोज इथल्या जॅकरंडाच्या झाडांच्या सावलीत फिरतो. बायको गेल्यापासून घरात बोलायला भिंती आहेत फक्त, आणि त्यांचं सगळं ऐकून झालंय! फिरणं हा गुन्हा आहे का?"

"हा तो नव्हे," मी म्हणाले.

"सगळं जुळतंय, फुरीबाई!"

"नाक जुळत नाही."

"नाकाचं तुम्ही काही सांगितलंच नव्हतं!"

"तुम्ही विचारलं होतं?"

क्लाइव्हने सुस्कारा सोडला. "घाबरल्या आहेत बिचाऱ्या. पोलिसच बोलतं करतील याला."

फान ओडेंडालच्या बांधलेल्या हातांवर म्हातारपणाचे डाग होते. आज हा कोठडीत झोपणार, आणि तोही माझ्या टार्टपायी! मी पर्स उघडून कूसचा फोटो काढला आणि क्लाइव्हच्या हातात दिला. "हा घ्या. मी सांगितला तो माणूस."

क्लाइव्हचे डोळे चमकले. "अगदी हाच! चड्डी, मोजे, कंगवा! कुठे असतो हा?"

"दफनभूमीत."

"कधीपासून लपलाय तिथे?"

"आठ वर्षं झाली. माझा नवरा आहे तो."

झाडावर हदेदा पक्षी बसला होता, तो खच्चून ओरडला.

"म्हणजे..." क्लाइव्ह चाचरला, "तुमचे वारलेले यजमान भिंतीवरून..."

"कुणी आलं नव्हतं रे, क्लाइव्ह! कुणीच येत नाही. बटण दाबलं की मबाथा यायचा, चहाला बसायचा. म्हणून दाबत होते."

क्लाइव्ह आपल्या बुटांकडे बघायला लागला. बाकीचेही आपापले बूट शोधू लागले. "पण दांडा तर बसवून झाला," तो शेवटी पुटपुटला. चोर नव्हताच, याचं त्याला खरं दुःख झालं होतं. पट्टी कापली, पोलिसांना फोन करून परत फिरवलं. गाड्या एकामागून एक गेल्या. त्या दिवसापासून माझा फोन वाजायचा थांबला. मबाथाची कंपनीने दुसऱ्या भागात बदली केली. निरोपालाही आला नाही बिचारा. आता बटण दाबलं की एक गोड आवाज विचारतो, "बाई, नक्की दाबायचं होतं का?"

त्या दुपारी मात्र रस्त्यावर मी आणि ओडेंडाल असे दोघंच उरलो होतो. तो मनगटं चोळत होता.

"आईनेसुद्धा मला कधी बांधून घातलं नव्हतं," तो म्हणाला.

"चुकलं माझं. मंगळवारी चहाला या. मिल्क टार्ट करते."

त्याने बराच विचार केला. "दालचिनी हात राखून घालता का?"

"मी? शेजारणी दालचिनीचं झाड लावलंय का विचारतात!" हे साफ खोटं होतं. मला कोण विचारतंय!

"येतो मग," तो म्हणाला.

मंगळवारी मी टेबलावर दोन कप मांडले. दोन कप मांडायचे म्हणजे दुसरा आधी धुवावा लागला, धूळ बसली होती त्याच्यावर. वेळ टळून गेली. माणूस येईना. रागावलाय, मी मनाशी म्हटलं, आणि रागावायलाच हवं. टार्टवर झाकण घालत होते, तेवढ्यात दांड्यावरच्या पहारेकऱ्याचा फोन.

"बाई, एक संशयित आलाय. तुमचं नाव सांगतोय. आणि फुलं आणलीत."

"अरे, पाहुणा आहे तो माझा! सोड त्याला!"

"कसा सोडू? पकडला तेव्हाचा त्याचा फोटो लावलाय इथे खोपटावर."

क्लाइव्हला फोन लावला. "फुरीबाई, मला मान्य आहे. पण फोटो लावायला एकाचा शब्द पुरतो, काढायला समितीची बैठक लागते. पुढच्या महिन्यात आहे."

मी फोन आदळला. जाळी उघडली, दार उघडलं, फाटक उघडलं. कूसच्या बागेतल्या हातगाडीत दोन घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि टार्ट घातली, डोक्यावर उन्हाची टोपी चढवली, आणि भर दुपारी, भर रस्त्यातून, पायी निघाले! आमच्याकडे पायी कुणी जात नाही. मोलकरणी वळून बघत होत्या.

दांड्याच्या पलीकडे ओडेंडालची खुर्ची, अलीकडे माझी. दांड्यावर बशी. गाडी आली की पहारेकरी ओरडायचा, "उचला!" की आम्ही बशी उचलायची, दांडा वर, गाडी आत, दांडा खाली, बशी परत जागेवर. पहारेकऱ्यानेही एक तुकडा उभ्याउभ्या खाल्ला. ओडेंडालने बायकोच्या जळलेल्या भाताची गोष्ट सांगितली. मी कूसने रंगवलेल्या गच्चीची सांगितली, ज्यात तो स्वतःच कोपऱ्यात अडकला होता. हसून हसून माझ्या नाकातून चहा आला! ऊन उतरलं तेव्हा तो टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, "पुढच्या मंगळवारी बिस्किटं माझी."

घरी आले, सगळी कुलपं लावली, आणि फोन पाहिला. ग्रुपवर वणवा! कुणीतरी गाडीतून आमचा फोटो काढून टाकला होता. "दांड्याजवळ संशयित जोडी! तोच कंगवेवाला, आता सोबत बाईही आहे. कुणी ओळखतं का हिला?"

नऊ नंबरवाली: "नाही."

बावीस नंबर: "आपल्यातली नाही वाटत."

मला "राजा" म्हणणारी: "हा चेहरा मी आयुष्यात पाहिलेला नाही."

क्लाइव्ह: "चौकशीला गाडी पाठवतो." त्याचं काय, तो त्या दिवशी बुटांकडेच बघत होता.

सत्तावीस वर्षं राहतेय मी या रस्त्यावर! रडू आलं. मग चष्मा पुसला आणि फोटो मोठा करून पाहिला. टोपी वाकडी, गालाला टार्ट लागलेली, तोंड आ वासून हसणारी एक म्हातारी. त्यांना तरी काय बोल लावू? मीसुद्धा हिला कैक वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

शेवटी मीही लिहिलं, "नाही बाई, मीपण नाही ओळखत. पण असली माणसं दर मंगळवारी येतात म्हणे. लक्ष ठेवा!"