गणपा मिस्त्रीचा विंचू

ट्रॅक्टर सुरू करण्याआधी गणपा मिस्त्री आम्हाला हाकलायचा. गोठ्यात शिरलेली दुसऱ्याची म्हैस हाकलावी, तसा.

"सरका! आनि मागं! पावणं, तुमास्नी काय पालखी धाडू?"

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. शाहूपुरीतल्या एका लाकूड व्यापाऱ्याकडे मी कारकून होतो. राधानगरीकडच्या जंगलात मालकांचा ठेका होता. ट्रॅक्टरच्या मागे विंच बसवलेला. पिंपावर गुंडाळलेली जाड तार, तिचं टोक ओंडक्याला बांधायचं, की ओंडका उतारावरून वर. मजुरांनी त्याला 'विंचू' नाव दिलं होतं.

गणपा आधी चाकांना दगड लावायचा. मग तारेवर भिजवलेली पोती टाकायची, तुटलीच तर उसळी कमी मारावी म्हणून. मग एकेकाच्या नावानं हाक. लांबून "हाय!" ऐकू आल्याशिवाय विंचच्या दांड्याला हात नाही. स्वतःच्या पाठीमागे त्यानं लोखंडी जाळी ठोकून घेतली होती.

एकदा खुद्द मालक तारेशेजारी येऊन उभे राहिले. गणपानं इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळत बसला.

"का रे, थांबलास?"

"मालक, तार काय तुमची सासू न्हाय, आधी बडबडून मग मारायला."

मालक पुटपुटत झाडामागे गेले.

आम्हाला त्याचा वीट आला होता. चैत्रातलं ऊन, सोललेले हात आणि वर हा आरडाओरडा. एका दुपारी शेवटचा ओंडका खुंटात अडकला. तुका नावाचा मजूर तारेजवळच्या दगडावर फतकल मारून बसला.

"मिस्त्री, एकच ऱ्हायलाय. ओढा की झटदिशी. मला उठवत न्हाय."

गणपाही दमला होता. तो खाली उतरला, तुकाला पाठुंगळी घेतलं आणि झाडामागे नेऊन आपटलं. परत चढला. दांडा ओढला.

तार तुटली. शीळ घातल्यासारखा आवाज आला, आणि दगडामागचं झुडूप कमरेतून कापलं गेलं. दगडावर पांढरा ओरखडा उठला. गणपानं सगळ्यांची नावं पुन्हा घेतली.

संध्याकाळी ट्रक तुकाच्या गावात थांबला. गणपा आणि मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. त्याच्या म्हाताऱ्या आईनं दार उघडलं ते तोंडाचा पट्टा सुरू करूनच. एवढा उशीर का, भाकरी गार झाली, कुठं उलथला होतास.

"मिस्त्री, चला. ट्रक थांबलाय," मी म्हणालो.

गणपा उंबऱ्याशी उभाच.

"थांबा की, सायेब. जरा ऐकू द्या. उशीर झाला म्हून वरडाय माज्या घरात कोन न्हाय."

तेवढ्यात म्हातारीचं लक्ष त्याच्याकडे गेलं.

"आनि तू रं? भाईर का हुबा? हात-पाय धू, चल!"

साऱ्या जंगलाला दरडावणारा गणपा मुकाट्यानं न्हाणीकडे गेला. मी ट्रकवाल्याला सांगायला निघालो, की अजून वेळ लागेल.